पेड आणि फूल

गयाबाई,

तुझी सरू परवा सकाळी आली. ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि पेला खाली ठेवता ठेवता म्हणाली, "माय गेली, बाई. आठ दिस झाले." सरू तापात तुझ्यापाशीच होती, आणि हळद शिजवायचे दिवस, त्यामुळे कुरुंद्याहून इकडे निरोप घेऊन येईल असं मोकळं माणूस नव्हतं. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी पहाटे तू गेलीस. एवढं सांगून सरू उठेल असं मला वाटलं होतं. ती बसून राहिली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माय समद्यांना सांगायची, आफ्रिकेत माझं नाव कागदावर हाय. हिंगोलीच्या वकिलीणबाईनं लिवलंय. तापात वैद्याला बी सांगितलं."

मी म्हटलं, "हो का."

 गयाबाई, तुझं नाव कुठल्याच कागदावर नाही. तू विचारलंस तेव्हा मी "लिहिलं" म्हणाले, पण मी लिहिलं नव्हतं. हे तू असताना सांगायला हवं होतं. आता सांगते आहे, आणि हा कागद नैरोबीच्या पाकिटात घालणार आहे, म्हणजे ज्या मुलांना तुझं नाव कळायला हवं होतं ती माझी नातवंडं, मालू आणि शरद, तरी ते वाचतील. मुलांनो, गयाबाई कोण हे तुम्हाला माहीत नाही. मी तिच्याशी बोलते, तुम्ही जवळ बसून ऐका.

आपली गाठ पडली ती पियानोमुळे. हा बंगला छावणीतल्या कुठल्याशा गोऱ्या अधिकाऱ्याचा. छावणी मोडली, माणसं गेली, आणि पियानो दारातून निघेना म्हणून इथेच राहिला. आम्ही राहायला आलो तेव्हा त्याच्या पोटात उंदरांची बिऱ्हाडं होती. मिशनच्या शाळेत आमच्या बाईंनी मला प्रार्थनेच्या चाली वाजवायला शिकवल्या होत्या, त्यामुळे पाच रेघांची ती लिपी मला वाचता येत होती. पण वाजवायला पेटी धड हवी. कुरुंद्याला भजनाच्या पेट्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत असं कळलं, म्हणून यांनी निरोप धाडला. ते तुझे वडील. ते वारल्याला वर्ष होऊन गेलं होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आलीस तू. खांद्याला वडिलांची हत्यारांची पिशवी, आणि दहाही बोटं हळदीने पिवळी.

"बा न्हाईत. मी हाय. पेटी दाखवा."

पियानो पाहून तू कमरेवर हात ठेवलेस. "ही पेटी व्हय? हिच्यात तर पाव्हणा निजंल."

"तुला जमेल का गं?" यांनी विचारलं.

"तुमाला वकिली जमती का, असं मी इच्यारलं का, सायब?"

हे इतके हसले की आत जाऊन त्यांनीच तुझ्यासाठी चहा सांगितला.

त्या खेपेला तू इथे गावात दिलेल्या सरूकडे अकरा दिवस राहिलीस. रोज सकाळी येऊन पियानोची छाती उघडायचीस. एकेका सुराला तीन-तीन तारा आहेत हे पाहून म्हणालीस, "येवढ्या सवती एका घरात!" तिन्ही तारा एका आवाजात बोलेपर्यंत तू खुंट्या पिळत राहायचीस. तीन पट्ट्या मुक्या होत्या. त्यांखालचा लोकरीचा नमदा फुगला होता, तो तू नखाने खरवडून काढलास. पांढऱ्या पट्ट्यांवर तुझी पिवळी बोटं उमटत, आणि तू गेलीस की मी ओल्या फडक्याने पुसून घेत असे. मला नीटनेटकं लागतं हे तुला ठाऊकच होतं. त्यावरून तू मला पुष्कळ बोललीस.

पियानोपुढच्या बाकाच्या खणात जुने छापील कागद होते. बहुतेक वाळवीने खाल्लेले. एकच तुकडा चार पानं सलग शिल्लक होता. त्याचीही वरची पट्टी गेली होती, म्हणजे तुकड्याचं नाव आणि रचणाऱ्याचं नाव दोन्ही गेलं, आणि शेवटच्या पानाचा खालचा कोपरा गेला होता. युरोपात शंभरेक वर्षांपूर्वी एकट्या पियानोसाठी, कोणी मनातल्या मनात बोलावं तसे, असे तुकडे रचण्याची रीत होती, त्यांपैकी हा एक, एवढंच मला कळलं. नाव नाही म्हणून मी हळहळले. तू म्हणालीस, "नावाला काय चाटायचंय? सूर हाईत की."

हे वाक्य मी फार जपून ठेवलं, गयाबाई. पुढे माझ्या फार उपयोगी पडलं.

मी वाचायचं आणि वाजवायचं, तू खाली सतरंजीवर बसून ऐकायचं, असं आपलं ठरलं. वर्षातून चार-पाच वेळा, हळदीचं काम नसेल तेव्हा, लेकीला भेटायच्या निमित्ताने तू गाडीने यायचीस. आठ-नऊ वर्षं हे चाललं. पहिल्याच दिवशी मी अडले. खालच्या रेघांखाली जागोजाग नक्षीदार अक्षरं छापलेली होती, आणि थोड्या अंतरावर फुलासारखी एक खूण.

"काय लिवलंय?"

"पी, ई, डी. पेड," मी वाचलं. "आणि पुढे हे फुलासारखं काहीतरी."

"पेड? येणीचा?" तू सरसावून बसलीस. "मंग बराबर हाय की! हितं पेड घालाया घ्यायचा, आन् तितं फूल खोवायचं. म्होरं दुसरा पेड. लिवनारा शाना दिसतो."

मी इंग्रजी शिकलेली बाई, पण मलाही ते पटलं. पेड या शब्दाचा दुसरा अर्थ तेव्हा मला सुचलाच नाही. पियानोखाली पायाच्या पट्ट्या होत्या, त्यांतली उजवी नुसतीच लोंबत होती. तिच्याबद्दल तू आधीच निकाल दिला होतास. पायपेटीला पायाने भाता हलवावा लागतो, ह्या पेटीला भाताच नाही, मग पायाचं काम काय? साहेबांनी पाय ठेवायला केली असेल.

तर वेणी. आणि त्या चुकीच्या शब्दातून तू मला तो सबंध तुकडा उलगडून दाखवलास. मी तोवर चार पानं एक-दोन-तीन मोजत, सगळे सूर सारख्या जोराने वाजवत होते. तू डोळे मिटून म्हणालीस, "तीन पेड हाईत. एक पार खाली, खर्जाचा. येकच सूर, दर खेपेला पयला. दुसरा मधला, दोन-तीन सूर मिळून हलके बोलत्यात. तिसरा वरचा, गानं म्हननारा. तुमी तिघांना सारकी वढ देता. वरचा पेड दिसाया नको का?" मी डाव्या हाताचा जोर कमी केला, आणि बोटांखाली इतके दिवस दडून बसलेलं गाणं एकदम वर आलं.

मग ते गाणं तीनदा येतं हे माझ्या ध्यानात आलं, आणि मी म्हटलं, "छापणाऱ्याने उगीच कागद वाया घालवला. एकदा वाजवू, पुढे जाऊ."

"काहून? सारकं कुठंय? दुसऱ्या येळी नथ घातली तिनं. तिसऱ्या येळी बुगडी. ऐका की." मी ऐकलं. तेच वाक्य, पण दुसऱ्या वेळी मधे तीन सूर जास्त, तिसऱ्या वेळी एक लांब, गुंफलेली लड.

माझं मोजणं तुला कधी सहन झालं नाही. मी मोजत वाजवू लागले की तू जीभ टाळूला लावून चक् करायचीस. "मोजता काहून? दाणे हाईत व्हय?" मी म्हणे, लय सुटेल. तू म्हणालीस, "खालचा हात बैल हाय, त्यो बराबर चालून राहिलाय. वरचा हात गाडीत बसलेली लेक. ती मागं वळून पाहून राहिली, जरा थांबती, मंग पदर सावरून म्होरं बघती. बैलानं थांबायचं न्हाई, आन् लेकीनं बैलासंगं चालायचं न्हाई." हे मला जमायला दोन वर्षं लागली. अजून दर वेळी जमतंच असं नाही.

तिसऱ्या पानावर आपण दोघी घाबरलो होतो, आठवतं? तिथे खुणा बदलतात, आणि मी छापल्याप्रमाणे वाजवलं तर तू ओरडलीस, "सा कुठं गेला?" मी पट्ट्या पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या. तरी कानाला ते किरकिरं लागत होतं. तू तारा पहिल्या घरच्या सा-शी तंतोतंत जुळवल्या होत्यास, आणि हा तुकडा मधेच दुसऱ्या घरी, दुसऱ्याच सा-वर, जाऊन बसला होता. दोन दिवस तू पुन्हा खुंट्यांपाशी बसलीस. प्रत्येक सुराचं किंचित कमीजास्त केलंस. "घरच्या समद्यांकडनं थोडं थोडं घेतलं," तू म्हणालीस, "आता पाव्हण्याला जागा झाली." मग तो मधला भाग घरातल्या माणसासारखा वाजला. मी विचारलं, हे गाणं परत पहिल्या सा-वर येईल कशावरून? तू म्हणालीस, "जाताना कडी लावली न्हाई तिनं. तो एक काळा सूर बघा, हिकडं बी हाय, तिकडं बी हाय. दार उघडंच ठिवलंय." मी पानं उलटून पाहिली. तो सूर खरंच दोन्हीकडे होता, आणि त्याच्यावरूनच गाणं घरी परत येत होतं.

यानंतरचं सांगायला मला लाज वाटते. पुण्याहून मी पियानोवादनाचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं. त्यात खुणांचा तक्ता होता. पेड म्हणजे पायाची पट्टी दाबणे, फूल म्हणजे सोडणे. तू आलीस तेव्हा मी पुस्तक उघडूनच बसले होते. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वेणीचा काही संबंध नाही, गयाबाई. अडाणीपणा झाला आपला."

मी 'आपला' म्हणाले, पण तुझ्याकडे बघून म्हणाले. तू पुस्तकाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. "असंल बाई. तुमी वाचलंय." आणि गाडीला अजून वेळ असताना उठलीस. त्यानंतर पाच महिने तू आली नाहीस. हळदीचे दिवस आहेत, असं मी यांना सांगत असे. हळदीला पाच महिने लागत नाहीत हे त्यांना माहीत होतं.

आलीस ती फडक्यात एक लोखंडी सळई गुंडाळून. त्या पुस्तकाच्या दिवशी तू निघण्यापूर्वी मी पुस्तक ठेवायला आत गेले होते, तेवढ्यात पियानोच्या आत दोरा लावून तू माप घेतलं होतंस. कुरुंद्याच्या लोहाराकडून सळई करून घेतलीस, एकदा चुकली, पुन्हा केली. पालथी पडून, नाकाला जाळी लागलेली, तू ती बसवलीस आणि म्हणालीस, "दाबा आता. बघू तुमचं पुस्तक काय म्हनतंय."

मी पट्टी दाबून पहिली ओळ वाजवली. खर्जाचा सूर बोट उचललं तरी राहिला, मधले त्याच्यात मिसळले, वरचा सगळ्यांवर तरंगला. इतकी वर्षं कोरडा वाटणारा तो पियानो भरून आला. तू पट्टीवरच्या माझ्या पायाकडे बघत राहिलीस. मग हसलीस.

"येणीच हाय, बाई. फकस्त उलटं हाय. पेड म्हंजी केस मोकळे सोडायचे. फूल आलं की बांधायचे. मोकळे लई येळ ठिवले तर गुंता व्हतो, म्हनून फूल."

मी पुस्तकात पाहिलं. फार वेळ दाबून ठेवू नये, सूर एकमेकांत गुंततात, असंच तिथे लिहिलं होतं. ते वाक्य मी तुला वाचून दाखवलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं खरं की त्या दिवशी मी तुझी माफी मागितली नाही, आणि तूही मागे काही काढलं नाहीस. भाकरी-पिठलं खाऊन आपण संध्याकाळपर्यंत वाजवत बसलो.

दोन वर्षांपूर्वी मालूचं पत्र आलं. शाळेत पियानो शिकते आहे, बाईंनी एका तुकड्याचं विवेचन लिहून आणायला सांगितलं आहे, चाल, लय, साथ, बांधणी असं सगळं, आणि आजी, तू मदत कर. मी टेबलाशी बसले. अनुक्रमांक घातले. तीन पेड, दागिने, बैल आणि लेक, न लावलेली कडी, मोकळे केस. सगळं स्वच्छ इंग्रजीत उतरवलं, मथळ्याखाली 'तुझ्या आजीचे विचार' असं लिहिलं, आणि टपालात टाकलं. तुझं नाव घालायचं माझ्या मनात आलं होतं. मग वाटलं, गयाबाई कोण, तिला हे कुठून कळलं, हे सांगायला आणखी एक पान लागेल. ते पान मी वाचवलं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. मालूच्या बाईंनी तो कागद वर्गात वाचून दाखवला होता आणि भिंतीवर लावला होता. "सगळ्यांना वाटतं माझी आजी फार मोठी पियानोवाली आहे," असं तिने लिहिलं होतं. त्या दिवशी तू इथेच होतीस, शेंगा निवडत. मी पत्र वाचून दाखवलं, ते वाक्य गाळून.

"लेकराला आवडलं व्हय?" तू विचारलंस. आणि शेंगांवरची नजर न उचलता, "माझं नाव लिवलं का?"

"लिहिलं."

"कसं लिवलं?"

"गयाबाई, कुरुंदा."

तू उरलेल्या शेंगा निवडून झाल्यावर सूप झटकलंस, पियानोपाशी गेलीस आणि काही न वाजवता नुसता एकदा त्याच्यावरून हात फिरवलास. तेव्हाच मला कळायला हवं होतं. नावाला काय चाटायचंय असं तू परक्या माणसाच्या नावाबद्दल म्हणाली होतीस, आणि मी ते तुझ्या नावाला लावून दोन वर्षं निवांत झोपले.

आपलं एक भांडण मात्र राहूनच गेलं. शेवटच्या पानाचा कोपरा वाळवीने नेला, त्यामुळे शेवटच्या सुरांखाली पेड आहे, पण फूल नाही. मी म्हणे, ते छापलेलं असणारच, चार मोजून पाय उचलायचा, तसा नियमच आहे. तू म्हणायचीस नसंल छापलं. इतकी वर्षं मी तुला 'तू' म्हटलं आणि तू मला 'तुमी'. एकदा मी म्हणालेही होते, आता मलाही तू म्हण की. "म्हनंन कवातरी," म्हणालीस. दिवाळीनंतर शेवटचं आलीस तेव्हा मी तो शेवट वाजवला आणि चार मोजून पाय उचलला, तर तू सतरंजीवरून ताडकन उठलीस.

"अगं, उचलू नको ना पाय! येवढी काय घाई हाय तुला? जाऊ दे की सुराला त्याच्या पायानं!"

मग जीभ चावलीस. मी हसले, तू हसलीस, आणि मी म्हटलं, "पुढच्या खेपेला बघू."

काल सबंध दिवस मी त्या चार पानांची नक्कल केली. मालू, ती या कागदाबरोबर आहे. वर जिथे वाळवीने खाल्लेली पट्टी होती तिथे रचणाऱ्याचं नाव मला घालता आलेलं नाही, कारण ते मला माहीत नाही. त्याखाली देवनागरीत आणि इंग्रजीत लिहिलं आहे: 'उलगडून सांगितला गयाबाईने, कुरुंदा.' तुझ्या बाईंना सांग, भिंतीवरचा कागद माझा नाही. त्याच्यावर हे नाव घालायला सांग. तुला लाज वाटेल हे मला ठाऊक आहे. ती लाज माझी आहे, तुला वाहावी लागते आहे, तेवढी वाहा. नाव घातलं की मला कळव. सरूला सोबत घेऊन मी कुरुंद्यात तुझं पत्र वाचणार आहे, आणि या वेळी काही गाळणार नाही.

नकलेत पेडाच्या जागी पेड आणि फुलाच्या जागी फूल काढलं आहे. शेवटचा कोपरा मी कोरा ठेवला आहे.

गयाबाई, आज सकाळी सगळं आवरून मी वाजवायला बसले. मधल्या काही पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेला, फडकं पोचत नाही तिथे, हळदीचा रंग अजून आहे. शेवटचे सूर वाजवले, हात मांडीवर घेतले, आणि सवयीने मोजायला लागले. एक, दोन. मग थांबले. सूर हळूहळू बारीक झाला, मधे बाहेरून कुणाच्या गाडीची चाकं वाजली, ती गेल्यावर तो अजून होता. मग मला नक्की सांगता येईना, ऐकू येतो आहे की आठवतो आहे.

पाय मी उचलला नाही.